वाव्हळे मॅडमची गर्दी

वाव्हळे मॅडम कुठेही गेल्या की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवत. शाळेचं स्नेहसंमेलन असो, लग्न असो की बँकेतली रांग. आत शिरताच त्यांची नजर भिंतीभिंतीने एकदा फिरून येई. दारं किती, उघडतात कुठल्या बाजूला, मध्ये खुर्च्या किती. मग त्या कडेची खुर्ची धरत. एसटीत दाराजवळची जागा मिळाली नाही तर पुढच्या गाडीची वाट बघत. भीमजयंतीच्या मिरवणुकीत पांढरी साडी नेसून दरवर्षी जात, पण चालत दुकानांच्या पायऱ्यांच्या कडेकडेने. एकदा माझ्या वर्गातल्या आफरीनने त्यांना विचारलं, "मॅडम, तिथे तर सगळी तुमचीच माणसं असतात ना?"

"माणसं माझीच हायेत गं," मॅडम म्हणाल्या. "गर्दी कुणाची नसती."

त्यांची ही सवय माझ्या लवकर लक्षात आली, कारण कडेची दुसरी खुर्ची बहुतेक वेळा मी धरलेली असायची.

मानवतच्या आमच्या इंग्रजी शाळेत त्या भूगोल शिकवत. उंची जेमतेम पाच फूट, केसांचा घट्ट अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, प्रत्येक शब्द तपासून खाली ठेवल्यासारखं. वर्गातली मुलं मागे बसून त्यांची नक्कल करत. त्यांना ते ऐकू जाई. त्या वाक्य पूर्ण करत आणि पुढचं वाक्य तितक्याच सावकाश बोलत.

आठवीत पहिल्याच तासाला त्यांनी नकाशा लावला आणि सांगितलं, "फाइंड वेस्ट इंडीज. फाइव्ह मिनिट्स." सगळा वर्ग नकाशावर तुटून पडला. कोणी क्यूबावर बोट ठेवलं, कोणी थेट आफ्रिकेत गेलं. पाच मिनिटांनी मॅडमनी वर्गाचं दार लावलं, कारण आमच्या शाळेत मराठी बोलायला बंदी होती.

"न्हाई सापडणार," त्या म्हणाल्या. "वेस्ट इंडीज नावाचा देशच न्हाई. ही बघा बेटं. जमैका. बार्बाडोस. त्रिनिदाद. अँटिग्वा. प्रत्येकाचा झेंडा येगळा, गाणं येगळं. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायला पासपोर्ट लागतो. मॅचच्या दिवशी मात्र सगळ्यांच्या डोक्यावर एकच टोपी. मरून रंगाची." मग त्यांनी पिशवीतून आपली टोपी काढून टेबलावर ठेवली. धुऊन धुऊन विटलेली, मरून, कापडाची, गोल काठाची. "टीम मंजे काय, ते मला वर्षाच्या शेवटी सांगा."

मुलींची टीम त्यांनीच काढली. खेळाचे सर फक्त मुलांना शिकवत. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली ती एका अटीवर: बाहेरगावी मुलींच्या बाबतीत काही कमी-जास्त झालं, तर टीम त्याच दिवशी बंद. मॅडमनी मान हलवली आणि आम्हाला ही अट पहिल्याच दिवशी सांगून टाकली. "मंजे तुमालाबी भ्याव राहील," त्या म्हणाल्या.

टीममध्ये आल्या तेव्हा मुली डबा आपापल्या गल्लीच्या हिशोबाने खात. आफरीन आणि तिच्या मैत्रिणी पाण्याच्या टाकीपाशी, दीक्षा आणि तिच्या वस्तीतल्या मुली जिन्याखाली, बाकीच्या वर्गात. मॅडमनी पहिला नियम खेळाचा केलाच नाही. "आपापल्या बेटावर जेवायचं न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि मैदानाच्या मधोमध चटई अंथरली.

मला खेळता येत नव्हतं. चेंडू आला की मी डोळे मिटायची. मॅडम एक दिवस माझ्या बाकापाशी आल्या आणि म्हणाल्या, "एक काम हाय. त्यात बोलावं लागत न्हाई, पळावं लागत न्हाई. फक्त बघावं लागतं." अशी मी स्कोअरर झाले. त्या दिवसापासून त्या मला नावाने हाक मारत नसत, स्कोअरर म्हणत. इतर मुलींना ती थट्टा वाटे. मला ती पदवी वाटायची.

स्कोअरबुक म्हणजे आडव्या-उभ्या घरांची मोठी वही. एकाच चेंडूची नोंद दोन ठिकाणी होते: बॅटरच्या नावापुढे आणि बोलरच्या नावाखाली. सामना संपला की मॅडम दोन्ही बाजूंची बेरीज वेगवेगळी करत. दोन्ही सारख्या आल्या की मगच दोन्ही टीमच्या कॅप्टनची आणि सरांची सही, आणि तीही मैदानातच. "मैदान सोडलं की ती नुसती वही असती," त्या म्हणत.

वेस्ट इंडीजवाले नाचत-गात खेळतात, असं कोणी म्हटलं की मॅडम चिडत. "नाचतात ते बघणारे. टीम न्हाई. टीम तासभर आधी मैदानात असती. बॅगा एका ओळीत. बुटांना डाग न्हाई. भायर शंख वाजायलेत, ढोल वाजायलेत, पत्रे बडवायलेत, आन् आतल्या माणसाची नजर फक्त चेंडूवर. लोकं ढोल बघतात. मी बॅगा बघते." आमच्याही बॅगा एका ओळीत असत. बुटांना शुक्रवारी खडूची पूड लागे. जीपचे शेषरावमामा कुरकुरत, "मॅडम, दरवेळी गाडीचं तोंड रस्त्याकडं करून कामून लावायला लावता?" मॅडम फक्त बोटाने वळवा अशी खूण करत.

सरावाची त्यांची एक पद्धत होती. शनिवारी त्या पाचवी-सहावीच्या मुलींना ताटल्या, डबे आणि चमचे घेऊन मैदानाभोवती उभं करत आणि मनसोक्त बडवायला सांगत. त्या आवाजात आमच्या मुलींनी बॅटिंग करायची. बाहेर येताना कोणीही धावायचं नाही. ओळीत, सरळ, चालत. धावणाऱ्या मुलीला परत आत पाठवून पुन्हा चालत आणलं जाई. हा नियम आम्हाला शिस्तीचा वाटायचा.

एका शनिवारी ताटल्यांच्या त्या गोंधळात मी कानांवर हात ठेवून बसले होते. मॅडम शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझे हात हलकेच खाली केले.

"कान झाकू नको. कान दे. ही गर्दी खूश हाय का चिडलेली हाय?"

"ह्या पाचवीतल्या मुली आहेत, मॅडम."

"तरी सांग."

मी ऐकलं. "खूश आहे."

"कशावरनं?"

मला सांगता येईना. तेव्हा त्या मैदानाकडे बघत बोलल्या. फार बोलल्या नाहीत, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्या सात वर्षांच्या असताना त्यांच्या गावात एका संध्याकाळी गर्दी त्यांच्या गल्लीत आली होती. आधी आवाज आला. आईने त्यांना मागच्या दाराने बाहेर काढलं, हात धरला आणि सांगितलं, पळू नको, पळणारं दिसतं. दोघी चालत ज्वारीत शिरल्या. मागे काय जळत होतं ते आईने वळून बघू दिलं नाही.

"मग काही महिन्यांनी आमी मामाकडं ऱ्हायला गेलो. तिथं रेडिओ हुता. मामा जेवताना मॅच ऐकायचा, वेस्ट इंडीजमधली. मला इंग्रजी कळत नव्हतं. मला फक्त त्या बोलणाऱ्याच्या मागची गर्दी ऐकू यायची. एकदम मोठा आवाज झाला आन् मी बाजंखाली शिरले. मामा हसला. मनला, अगं, खूश झालीत ती माणसं. त्यांचा गडी आउट झाला तरी समोरच्या बोलरसाठी टाळ्या वाजवायलीत." मॅडम थांबल्या. "गर्दी अशीबी असती हे मला तवा कळलं. मग मी रोज ऐकायले. तिथंबी कधी बाटल्या पडतात, मला माहीत हाय. तो आवाजबी मी वळखते."

सामना बोरीला ठरला तेव्हा आम्ही दहावीत होतो. जिंकणारी टीम परभणीला पुढच्या फेरीत जाणार होती. बाजाराचा दिवस होता. आम्ही तासभर आधी पोचलो, तरी मैदानाभोवती माणसं दाटली होती. मोटारसायकलींवर उभे राहिलेले तरुण, पिशव्या घेऊन थांबलेल्या बायका, दोन हलगीवाले. मुलींचा सामना तिथे कोणी पाहिलेला नव्हता. मॅडमनी जीप उलटी लावून घेतली. मी पाहिलं, त्यांनी टोपी दोन वेळा काढून पुन्हा घातली.

बोरीच्या टीमकडे स्कोअरबुक नव्हतं. माझंच पुस्तक दोन्ही टीमचं. मला बाकडं मिळालं ते सीमारेषेला लागून, मैदानाच्या पलीकडच्या अंगाला. मॅडम आणि टीम समोरच्या बाजूला, खूप लांब.

आम्ही एक्क्याऐंशी धावा केल्या. बोरीची बॅटिंग सुरू झाली तशी गर्दी पुढे पुढे सरकत आली आणि चुन्याची रेघ पायांखाली दिसेनाशी झाली. तेराव्या ओव्हरमध्ये बोरीची कॅप्टन शीतल हिने माझ्याच बाजूला जोरात मारला. दीक्षा धावत आली, तिने रेषेच्या आत चेंडू अडवून फेकला. मी ते चार हातांवरून पाहिलं. शीतल आणि तिची जोडीदार दोन धावा पळाल्या होत्या. अंपायरने चौकारासाठी हात हलवला नाही. मी बोलरच्या घरात दोनचा आकडा लिहिला.

"ए पोरी, किती लिव्हलंस?"

"दोन," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"दोन कशाचे? भायर गेला की! च्यार लिव्ह."

"अंपायरने हात केला नाही."

"अंपायरला काय दिसतंय ह्यवढ्या गर्दीतून? आमी इथं हुभे हाव ना!"

"इंग्लिश मीडियमची हाय ती," मागून कोणीतरी म्हणालं. "फोर मन, फोर. मंग कळंल."

सगळे हसले. हसताना ते आणखी जवळ आले. ऊन दिसेना. एका माणसाने पुस्तकावर हात ठेवला आणि शीतलच्या नावापुढच्या रिकाम्या घरावर नख टेकवलं. समोरच्या बाजूला मरून टोपी दिसते का म्हणून मी मान वर केली. मला फक्त शर्टांची बटणं दिसली.

मी चार लिहिला.

ते लगेच पांगले. एक जण तर "शाब्बास" म्हणाला.

शेवटच्या चेंडूवर एक धाव काढून बोरी जिंकली. स्कोअरच्या फळ्यावर ब्याऐंशी लागले आणि गर्दी मैदानात घुसली. गुलाल उडाला, हलगी कडाडली, शीतलला कोणीतरी खांद्यावर घेतलं. पलीकडे मॅडमनी हात वर केला. आमच्या मुली एका ओळीत उभ्या राहिल्या, बॅगा खांद्याला लावल्या आणि त्या सगळ्या गदारोळातून चालत जीपकडे निघाल्या. मी कडेने जाऊन शेवटी उभी राहिले. मॅडमनी प्रत्येकीच्या डोक्याला हात लावून मोजलं. मग पुस्तक घेतलं आणि जीपच्या बॉनेटवर ठेवून बेरीज केली.

पुन्हा केली.

"बॅटिंग ब्याऐंशी. बोलिंग ऐंशी." त्यांचं बोट घराघरांतून मागे मागे गेलं आणि तेराव्या ओव्हरपाशी थांबलं. "बोलरखाली दोन, बॅटरपुढं चार. खरं काय?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"दोन," मी म्हणाले.

"भ्यालीस?"

"हो."

"हं," त्या म्हणाल्या. एवढंच.

"म्हणजे आपण एकने जिंकलो!" दीक्षा ओरडली. आफरीनने तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप. मॅडम, जाऊ द्या ना. हरलो तर हरलो. चला इथून."

"आफरीन बरोबर बोलायली," शेषरावमामा म्हणाले. "मॅडम, लोकं गुलालात हायेत. उद्या फोनवर मिटवा काय ते."

मॅडमनी मैदानाकडे पाहिलं. टोपी एकदा काढून पुन्हा घातली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"येतीस का? पुस्तक तुझं हाय."

मी माझ्या बुटांकडे बघत राहिले. खडूची पूड लावलेले स्वच्छ बूट. बुटाची नाडी बांधायला जितका वेळ लागतो तितका वेळ मॅडम थांबल्या. मग त्यांनी आम्हाला आत बसवलं, जीपचं दार बाहेरून लावलं आणि शेषरावमामांना म्हणाल्या, "गाडी चालू ठेवा. पंधरा मिंटांत आले न्हाई तर पोरींना घेऊन निघा."

त्या पुस्तक छातीशी धरून चालत गेल्या. भरभर नाही, रेंगाळत नाही. मरून टोपी गर्दीच्या कडेशी पोचली, आत गेली आणि माणसं तिच्यामागे मिटली.

थोड्या वेळाने हलगी थांबली.

तोवर इतका आवाज होता की जीपचं इंजिन चालू आहे हे आता कुठे ऐकू आलं. मग एकदम ओरडा उठला, शेकडो माणसांचा. मी कान दिला. खूश हाय का चिडलेली हाय? मी डोळे मिटून ऐकलं, पुन्हा पुन्हा ऐकलं. मला ओळखता आलं नाही.

मामांनी घड्याळ बघितलं. थोड्या वेळाने पुन्हा बघितलं आणि गिअर टाकला.

"मामा," आफरीन म्हणाली, "गाडी हलली तर मी उडी मारीन."

"पोरी, त्यांनीच सांगितलंय—"

"मी उडी मारीन."

तेवढ्यात हलगी पुन्हा वाजू लागली, पण मैदानात नाही. ती गावाच्या बाजूला जात होती, लांब लांब. मग तीही थांबली. आणि मैदानाच्या नाही, तर भलत्याच बाजूच्या बोळातून मरून टोपी बाहेर आली. मॅडम एकट्या होत्या. चालत होत्या. पुढच्या सीटवर बसल्या आणि म्हणाल्या, "चला."

जीप हलली आणि मागच्या काचेवर दगड आला. काच आत कोसळली. "खाली वाका," मॅडम म्हणाल्या. त्या स्वतः मागे वळल्या नाहीत. कोणाला लागलं नाही, पण दीक्षा बराच वेळ रडत होती.

काय झालं ते त्यांनी बोरी मागे पडल्यावर सांगितलं. त्या बोरीच्या सरांकडे न जाता आधी शीतलकडे गेल्या होत्या. तिला खाली उतरवायला लावलं आणि विचारलं, तेराव्या ओव्हरीत तू मारलास, कितीदा पळालीस? शीतलने एकदा काका-मामांकडे बघितलं आणि म्हणाली, "दोन, मॅडम. त्या पोरीनं आत अडीवला."

"मग लोकं माझ्यावर न्हाई, तिच्यावर वरडायले," मॅडम म्हणाल्या. "सरांनी सही केली, तिनं केली. पर मी तिला तिथं सोडून कशी येणार? घरापर्यंत गेले. हलगीवाल्या दादानं डोकं लढवलं. आमच्या पुढं वाजवत चालला. लोकांना वाटलं मिरवणूकच हाय, वाट दिली त्यांनी. तिची माय दारातच हुती."

बोलताना त्यांनी दोन्ही हात पुस्तकाखाली घातले होते. मानवत येईपर्यंत ते बाहेर काढले नाहीत.

परभणीला आम्ही गेलोच नाही. काचेची गोष्ट शाळेत आमच्या आधी पोचली होती. मुख्याध्यापकांनी सोमवारी मॅडमना बोलावलं आणि टीम बंद झाली. मुली माझ्याशी भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ते दोनचे चार केले नसते तर मॅडमना परत जावं लागलं नसतं, आणि काच फुटली नसती. हे मी मनात अनेकदा मांडून पाहिलं आहे. प्रत्येक वेळी उत्तर तेच येतं.

एकदा धीर करून मी त्यांना स्टाफरूमच्या बाहेर गाठलं. "मॅडम, मी यायला पाहिजे होतं."

"पाहिजे हुतं," त्या म्हणाल्या. त्यांनी उगाच समजूत काढली नाही. "पुस्तकात आता बरोबर हाय ना?"

"हो. पण भीती जातच नाही."

"माझी कुठं गेली?"

"मग तुम्ही गेलात कशा?"

मॅडमनी जरा विचार केला. "चालत," त्या म्हणाल्या, आणि पिशवी सावरून तासाला निघून गेल्या.

आता मी परभणीत नोकरी करते आणि रविवारी जिथे बोलावतील तिथे स्कोअर लिहिते. गेल्या वर्षी मानवतला मुलींचे सामने होते. मॅडम निवृत्त होऊन चार-पाच वर्षं झाली होती. त्या फाटकाजवळ, कडेच्या खुर्चीवर बसलेल्या मला दिसल्या. अंगाने निम्म्या झालेल्या, टोपी आता कपाळावर उतरत होती. मी हात केला. त्यांनी बोटाने खूण केली: पुढे बघ.

दुपारी सामना रंगात आला. गर्दी रेषेवर आली, आणि एका फटक्यानंतर चार-पाच जण माझ्या टेबलाभोवती वाकले. "मॅडम, ते चार हायेत. आमी बघितलंय. लिव्हा चार." मला कोणी मॅडम म्हटलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी पुन्हा ऊन दिसेना झालं होतं.

"दोन," मी म्हणाले.

"काय?"

"दोन. अंपायरने खूण केलेली नाही. त्यांना विचारा."

मी दोन्ही घरांत लिहिलं. आकडे वाकडे आले, पण दोन्हीकडे दोनच. एक जण काहीतरी वाईट बोलला. मग ते बाजूला झाले आणि मी घाईने फाटकाकडे बघितलं.

कडेची खुर्ची रिकामी होती. सामना संपायला अजून तीन ओव्हर होत्या. गर्दी उठायच्या आत निघायची त्यांची जुनी सवय. भिंतीच्या कडेने मरून टोपी फाटकाकडे चालली होती. त्यांनी पाहिलं होतं की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. मागे काहीतरी मोठा आवाज उठला. त्यांची मान किंचित कलली, एका बाजूला, कान दिल्यासारखी. पाऊल बदललं नाही. मग त्या फाटकातून बाहेर गेल्या.

त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. दिवाळीच्या आधी त्या गेल्याचं आफरीनने फोनवर सांगितलं.